कुरडयांतला बाण

बाण येऊन रुतला तो कुरडयांच्या चौथ्या ओळीत, आणि तोही असा सरळ की कुणी मोजून खुंटी ठोकावी. भागूबाई तेवढ्यात पाणी प्यायला घरात गेली होती. बाहेर येऊन बघते तर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या मधोमध लाल पिसांची लांब काडी उभी, आणि तिच्या भोवती चार कुरडयांचा चुरा.

भागूबाईच्या कुरडया म्हणजे काय चीज, ते कॉलनीला विचारावं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, पहाटे उठून घाटायचा, आणि ऊन कडक व्हायच्या आत सोऱ्यातून पाडून मोकळं व्हायचं. बाजारातल्या मशिनीच्या कुरडयांना ती बांगड्यांचे तुकडे म्हणायची. पिशोरहून नवऱ्याबरोबर शहरात आली त्याला पंचवीस वर्षं झाली. गुंठेवारीतला प्लॉट घेतला, घर बांधलं. नवरा, पुंजाराम, मधेच गेला. मुलगा सोमनाथ वाळूजच्या कंपनीत लागला, सून आली, सायली नावाची नात झाली, तीही आता दहावीत जाईल. पण दर चैत्रात कुरडया करायचं भागूबाईनं सोडलं नाही, आणि त्या वाळत घालायची जागाही सोडली नाही.

जागा म्हणजे घरासमोरचं मोकळं मैदान. ते महानगरपालिकेचं. तसा एक गंजका फलक कोपऱ्यात उभा होता, पण भागूबाईची शाळा दुसरीतच संपलेली आणि फलकावरची अर्धी अक्षरं उन्हानं खाल्लेली. त्यामुळं तिनं तो कधी मनावर घेतला नव्हता. मैदानाच्या कडेला, तिच्या दाराच्या बाजूला, जुन्या शेताचा पुरुषभर उंच बांध अजून शाबूत होता. त्याच्या पायथ्याशी ओल टिकते हे तिनं पहिल्याच वर्षी हेरलं आणि पुढं काही वर्षांनी तारेची जाळी मारून आत मेथी, भेंडी, गवार लावली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमची परसबाग."

याच मैदानात कडुबाची विशाखा धनुष्यबाण चालवायची. कडुबाचं घर मागच्या गल्लीत. तिथं तीन घरं, तिन्ही बौद्धांची. कडुबा सोमनाथच्याच कंपनीच्या बसनं वाळूजला जायचा. पोरगी अकरावीला, उंच, हडकुळी, कमी बोलणारी. कडब्याच्या पेंढ्या आवळून त्यावर रंगीत कागद लावायची आणि चाळीस पावलांवरून बांबूच्या धनुष्यानं बाण सोडायची. वर्षभर सोडत होती. बाणाचा आवाज यायचा, फट्ट, आणि भागूबाई पुटपुटायची, "पोरीच्या जातीला हे काय भलतंच."

तर बाण रुतला आणि विशाखा धावत आली. तिच्या मागं सायली, तोंड पांढरं पडलेलं. दोघी एकाच शाळेतल्या, त्यामुळं सायली तिथं बसून असायची, बाण वेचून द्यायची.

"आजी, चुकलं. लागलं नाही ना कुणाला?" विशाखा म्हणाली.

"डोळे काय घरी ठिवून आली व्हतीस? आत्ता उठून गेले मी तिथून. दोन मिन्टं आधी आला असता तर माझ्या पाठीत शिरला असता!"

"खरंच चुकलं आजी. पुन्हा नाही होणार."

असं म्हणून पोरगी खाली बसली. बाण उपटला. हादऱ्यानं खाली अंथरलेल्या लुगड्याबाहेर उडालेल्या आठ-दहा कुरडया तिनं एकेक करून उचलल्या, फुंकर मारून माती झटकली आणि पुन्हा ओळीत, जशा होत्या तशा, मांडून ठेवल्या. भागूबाई बघत राहिली.

पोरी गेल्यावर मात्र तिनं लुगड्याची चार टोकं धरली, सगळ्या कुरडया गोळा केल्या आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गवळ्याच्या गायीपुढं ओतल्या. पाच किलो गव्हाच्या कुरडया. गाय आधी हुंगली, मग मान हलवत खाऊ लागली.

"आजी! चारच तर फुटल्या होत्या," सायली दारातून म्हणाली.

"माती गेली आसंल. दातात कचकच आली तर तुझाच बाप ताट सारील."

मागच्या गल्लीत, आपल्या पायरीवर, विशाखाची आजी चंपाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, गायीकडं बघितलं, आणि पुन्हा सुपात घातली.

त्याच संध्याकाळी भागूबाईनं अर्ज करायचं ठरवलं. तिला लिहिता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव, तेही वर रेघ ओढून मग खाली अक्षरं टांगावीत तसं. म्हणून सायलीला बसवलं. पोरीच्या डाव्या हाताला हळदीचा लेप होता. कोपराच्या खाली आतल्या बाजूनं चांगलं लांबट काळंनिळं झालेलं. "टाकीचं झाकण लागलं," म्हणाली होती, आणि भागूबाईनं स्वतःच हळद उगाळून लावली होती.

"लिही. मेहेरबान साहेब."

"आता तसं नाही लिहीत आजी."

"साहेब म्हणलं की साहेबाला बरं वाटतं. लिही. सरकारी जागेत शस्त्र चालवायचा परवाना ह्या पोरीला कुणी दिला? म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव जाऊ राहिला. आज बाण माझ्या कुरडयांत आला, उद्या डोळ्यात येईल. बाण मारणारीचं नाव विशाखा कडुबा."

सायलीचा पेन थांबला. "आजी, मारताना आपण कुठं पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? धनुष्य काय माझ्याकडं हाय? लिही गुमान. आन अक्षर बिघडवू नको. भागूबाईच्या घरचा कागद हाय. ह्या घरातलं माणूस खोटं बोलत नाय, हे समद्या कॉलनीला ठाऊक हाय."

सायलीनं लिहिलं. अक्षर बिघडलंच.

दुसऱ्या दिवशी भागूबाई सह्या घ्यायला निघाली. मैदानाभोवती, तिचं सोडून, घरं सतरा. चौदा दारांत गेली, चौदा सह्या घेतल्या. शेजारच्या साळूबाईनं तर वाचलंसुद्धा नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे खरंच आसंल," म्हणाली आणि अंगठ्याएवढी सही ठोकली. मागच्या गल्लीतल्या तीन घरांकडं भागूबाई वळली नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्या दारात कशाला जायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. बाकीच्या दोन घरांविरुद्ध काही अर्ज नव्हता, पण तेवढा हिशोब तिनं केला नाही.

सोमनाथ जेवताना कुरकुरला. "आई, कडुबा माझ्या शेजारच्या सीटवर बसतो. मी तोंड कसं दाखवू?"

"तोंड त्यानं लपवावं. आपल्याला काय?"

सोमनाथ गप्प जेवला. त्याची बायकोही. त्या घरात भागूबाईनं एकदा बोलल्यावर गप्प बसायचीच पद्धत होती.

मंगळवारी सकाळी झोन ऑफिसचा माणूस आला. राजेंद्र नाव, हातात फाईल, सोबत चौकीचा एक शिपाई. मैदानात सगळी कॉलनी जमली. कडुबा अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेला, हात पुढं बांधून उभा. त्याच्या शेजारी विशाखा, खांद्याला धनुष्य.

"साहेब, आधी मला एक सांगा," कडुबा म्हणाला, "पोरगी खेळती हा गुन्हा हाय का?"

"हे बघा," राजेंद्र म्हणाला, "धनुष्य हातात धरलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. खेळाचं साहित्य आहे. पण जागा महानगरपालिकेची. इथं रोज काही चालवायचं तर लेखी परवानगी पाहिजे. आणि वर्दळीत कुणाच्या जिवाला धोका होईल असं वागलं, तर मग आमचं काम संपतं आणि यांचं सुरू होतं." त्यानं शिपायाकडं बोट केलं.

"सणासुदीला शस्त्रबंदीचा हुकूम निघतो, ते वेगळंच," शिपाई म्हणाला. "तेव्हा तर काठीसुद्धा घेऊन फिरू नका."

"मंग ही पोरं क्रिकेट खेळतात ते?" गर्दीच्या मागून चंपाबाईचा आवाज आला. "आमच्या खिडकीची काच दोनदा फुटली. आम्ही नाय कुणाचे अर्ज केले."

राजेंद्रनं अर्ज चाळला. "सतरा घरं आहेत ना? सह्या चौदाच?"

"ते घरी नव्हते," भागूबाई फटकन म्हणाली.

"आम्ही घरीच असतो," चंपाबाई म्हणाली. एवढंच.

राजेंद्रनं मैदान पावलांनी मोजलं. पेंढ्या कुठं उभ्या असतात ते बघितलं, मग बांधाकडं बघितलं. "पोरी, तू तिरके बाण का मारतेस? समोर एवढा मातीचा बांध आहे. त्याला टेकवून टार्गेट लावलं तर चुकलेला बाण मातीत जाईल ना?"

विशाखानं धनुष्य दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तिथं आजींची जाळी आहे सर."

सगळ्यांच्या माना जाळीकडं वळल्या. भेंडीला नुकती पिवळी फुलं आली होती.

"ही जाळी कुणाची?"

"आमची. वीस वर्षांची हाय," भागूबाई म्हणाली.

"वीस वर्षांची असली तरी ही जागा पण महानगरपालिकेचीच आहे मावशी."

"ते येगळं. भेंडी काय कुणाला टोचती का?"

दोघं-तिघं हसले. भागूबाईला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात त्या शिपायानं, काही काम नव्हतं म्हणून, विशाखाच्या हाताकडं बोट दाखवलं. तिच्या डाव्या हाताला कोपराखाली चामड्याचा पट्टा आवळलेला होता. "हे काय गं? फॅशन?"

"नाही सर. बाण सुटला की दोरी हाताला बसते. पट्टा नसला तर इथं, आतल्या बाजूला, लांबट काळंनिळं पडतं. नवीन शिकणाऱ्याला तर हमखास. आठ-आठ दिवस जात नाही."

तिनं बोटानं जागा दाखवली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला.

भागूबाईनं मान वळवली. सायली फाटकाच्या आड उभी होती. एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस, आणि डावी बाही उजव्या हातानं मनगटापर्यंत ओढून धरलेली. तिनं आजीकडं बघितलं आणि नजर पाडली.

भागूबाईच्या हाताला हळदीचा वास होता. खरं तर नव्हता, त्याला आता पाच दिवस झाले होते, पण तिला आला.

"बाण कुणी सोडला होता?" राजेंद्रनं विचारलं.

"जबाबदारी माझी होती सर," विशाखा म्हणाली. तिनं सायलीकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे भागूबाईला दिसलं.

"मावशी, तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

मैदानभर माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. साळूबाई खांद्याला खांदा लावून उभी. कडुबा हात बांधून. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. बाण माझ्या नातीनं मारला. ते घशापर्यंत आलं आणि तिथं भागूबाईची पंचवीस वर्षांची ऐट आडवी उभी होती.

"नाय," ती म्हणाली. "कागदावर हाय तेच."

राजेंद्रनं लिहिलं. जागा सुरक्षित होईपर्यंत आणि सगळ्या घरांची संमती येईपर्यंत सराव बंद. बाप-लेकीनं पेंढ्यांची दोरी सोडली, कडबा डोक्यावर घेतला आणि मागच्या गल्लीत गेले. मागं रंगीत कागदाचा एक तुकडा राहिला, पिवळा, मधल्या गोलाचा. दिवसभर तो वाऱ्यानं भागूबाईच्या दारापुढं लोळत होता.

दुपारी सून झोपल्यावर भागूबाईनं सायलीची बाही वर केली. डाग आता हिरवट झाला होता.

"किती दिवस शिकू राहिली?"

"पंधरा." सायली रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "विशाखाताई म्हणाली होती, आजीचं लुगडं उचलेपर्यंत बाण लावायचा नाही. ती बाटली भरायला गेली आणि मी लावला."

"मला सांगायला जीभ झडली व्हती का?"

"कधी सांगू? तू लिही म्हणालीस. आपल्या घरातलं माणूस खोटं बोलत नाही, असं लिहिताना म्हणालीस." ती थांबली. "ताई म्हणाली, माझं नाव जाऊ दे. तुझं सांगितलं तर तुझी आजी तुला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देणार नाही."

भागूबाईनं त्या डागावरून अंगठा फिरवला.

"आजी, एक विचारू? चार कुरडया फुटल्या होत्या. तू सगळं लुगडं गायीला का ओतलंस?"

"सांगितलं ना. माती."

"माती ताईनं झटकली होती. मी पाहिलं."

भागूबाईनं बाही खाली केली आणि उठून आत गेली. स्वयंपाकघरात काही काम नव्हतं. ती तिथं उभी राहिली.

दोन दिवस गेले. भागूबाई मनाला समजावत होती की झालं ते झालं, पोरीचं नाव तरी झाकलं गेलं, महिना-दोन महिन्यांत लोक विसरतील. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती गच्चीवर नव्या कुरडया उलटायला गेली. मैदानात घालायला मन होईना म्हणून गच्चीवर घातलेल्या. तिथून मागच्या गल्लीतली गच्ची दिसायची. विशाखा तिथं उभी होती. हातात धनुष्य नव्हतं, सायकलची जुनी ट्यूब होती. एक टोक डाव्या मुठीत, दुसरं उजव्या बोटांत. ओढायची, हनुवटीपर्यंत आणायची, डोळा रोखायची, धरून ठेवायची, हळूच सोडायची. पुन्हा ओढायची. समोर काहीच नव्हतं, पाण्याची टाकी आणि आभाळ.

भागूबाईनं मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं. साठाच्या वर गेल्यावर तिनं मदतीला आलेल्या सायलीला विचारलं, "सायले, हे कशापायी करू राहिली ही?"

"राज्याची निवड चाचणी आहे ना. अठरा दिवसांवर. बाण सोडायला जागा नाही, तर हात तरी विसरू नये म्हणून."

"दुसरीकडं कुठं जागा नाय का?"

"क्रीडा संकुल शहराच्या त्या टोकाला आहे. कडुबाकाकांची शिफ्ट. कोण नेणार रोज?"

भागूबाई खाली आली, चपला घातल्या. मग काढल्या. मग हात-पाय धुतले, चांगलं लुगडं नेसली, आणि सायलीला म्हणाली, "वही घे. चल."

"कुठं?"

"चौदा घरं हायेत."

पहिलंच दार साळूबाईचं. भागूबाईनं आयुष्यात कधी कुणाच्या दारात मान खाली घालून बोललेलं साळूबाईनं बघितलं नव्हतं, त्यामुळं तिला आधी कळेचना.

"बाण आमच्या सायलीनं मारला व्हता. मी अर्जात खोटं लिहिलं. आता पोरीला खेळायला हरकत नाय म्हणून सही पाहिजे."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला, हसू दिसू नये म्हणून, पण दिसलं. "म्हंजे आमच्या सह्या खोट्या कागदावर घेतल्या म्हणायच्या?"

"व्हय."

"आन त्या साहेबापुढं तुम्हाला ठाऊक व्हतं का तवा?"

हे कुणी विचारेल असं भागूबाईला वाटलं नव्हतं. सायलीही तिच्याकडं बघू लागली. तिला तरी कुठं माहीत होतं.

"व्हतं," भागूबाई म्हणाली. "हातावरचा डाग आठवला व्हता. तरी नाय बोलले."

"माय गं!" साळूबाई म्हणाली. सही केली, पण उंबऱ्यावर उभी राहून पुढच्या दारापर्यंत बघत राहिली. चौदा दारांत चौदा वेळा तेच सांगावं लागलं. कुणी हसलं, कुणी "जाऊ द्या हो" म्हणालं, ते जास्त लागलं. एका घरातल्या शिकलेल्या सुनेनं चहा विचारला आणि आत जाऊन नवऱ्याला सगळं मोठ्यानं सांगितलं. भागूबाई बाहेर उभी राहून स्वतःचीच गोष्ट ऐकत होती.

मग मागची गल्ली. तिथं जाताना तिच्या हातात एक पिशवी होती, गच्चीवरच्या कुरडयांची, तोंडाला गाठ मारलेली. गल्लीच्या तोंडाशी पाय अडखळला. तिसरं घर कडुबाचं, एवढं ठाऊक होतं, पण फाटकाची कडी वरून उघडते की आतून, ते माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. सायलीनं पुढं होऊन उघडली. तिला माहीत होती.

चंपाबाई पायरीवरच होती. सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

भागूबाईनं चौदा वेळा म्हणून पाठ झालेलं सगळं सांगितलं. सायलीनं मारला. खोटं लिहिलं. साहेबापुढं कळलं तरी गप्प बसले. चंपाबाई ऐकत होती. विशाखा आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"बसा," चंपाबाई शेवटी म्हणाली. "चहा ठिवायला सांगू का? का आमच्या घरचा नाय चालत?"

"चालंल."

"चालंल," चंपाबाईनं तो शब्द तसाच परत दिला. मग पिशवीकडं बोट केलं. "हे काय?"

"कुरडया. पोरीसाठी."

"ह्या घरात ठिवू, का गायीला घालू?"

दारातली विशाखा मान खाली घालून अंगठ्यानं फरशी उकरू लागली. सायलीनं आजीचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. भागूबाईला मातीचं सांगता आलं असतं. दातात कचकच येती, हेही तयार होतं. नातीपुढं दोनदा सांगून झालं होतं.

"त्या दिशी तुझ्या नातीचा हात लागला म्हणून गायीला घातल्या," ती म्हणाली. "मातीसाठी नाय."

बोलल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी होईल. चंपाबाई ओरडेल, पिशवी फेकेल. काही झालं नाही. चंपाबाईनं नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी हिथंच बसले व्हते ना. आन ही काय पहिली खेप नाय. लग्न झाल्यापसून बघू राहिले. फक्त कुणी तोंडानं बोलत नसतं, तेवढं आज आयकलं." मग तिनं हात पुढं केला. "आणा तो कागद. मी सही करू राहिले ती माझ्या पोरीसाठी. तुमच्यासाठी नाय. तेवढं ध्यानात ठिवा."

"व्हय," भागूबाई म्हणाली.

चंपाबाईची सही झरझर झाली, सुंदर, वळणदार. भागूबाई बघतच राहिली. "शिकल्या तुम्ही?"

"सातवी. बापानं मारून मारून शिकिवलं. सासरी येताना म्हणला, कुणी काही लिहून आणलं तर आधी वाचायचं, मंगच सही." तिनं कागद परत दिला. चहा आला. भागूबाईनं प्यायला. गोड होता की नव्हता, तिला सांगता आलं नसतं. पिशवी चंपाबाईनं उचलली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, गाठ न सोडता.

झोन ऑफिसात राजेंद्रनं दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. अक्षर एकच. आधीच्यात वाकडंतिकडं, नंतरच्यात सरळ आणि सतराही घरांच्या सह्या. खाली भागूबाईचं नाव, टांगलेलं.

"मावशी, खोटी तक्रार केली म्हणून मी तुम्हाला नोटीस काढू शकतो, माहितीये?"

"काढा."

"ती नाही काढत. पण जाळी काढावी लागेल. टार्गेट बांधाला टेकलं तरच परवानगी. सकाळी सहा ते आठ. दोन्ही बाजूला लाल कापड. आणि रस्त्यावर एक मोठं माणूस उभं पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला. कोण उभं राहणार?"

"मी काय करती सकाळी?" भागूबाई म्हणाली. "कावळेच हाकलत बसती ना."

राजेंद्र हसला. ती हसली नाही.

रविवारी सोमनाथ आणि कडुबानं मिळून जाळी काढली. बसमध्ये दोघं शेजारी बसायचे, तरी आज पक्कड मागण्यापलीकडं बोलले नाहीत. भेंडीची झाडं भागूबाईनं स्वतः उपटली. कुणाला हात लावू दिला नाही. फुलांसकट.

सोमवारी सकाळी सहाला पेंढ्या बांधाला टेकल्या. विशाखानं चाळीस पावलं मोजली, पट्टा आवळला. तसलाच एक जुना पट्टा सायलीच्याही हाताला होता, विशाखाचाच, ढिला होत होता म्हणून सुतळीनं बांधलेला. भागूबाई काठी घेऊन रस्त्यावर उभी राहिली. दूधवाला आला, त्याला अडवला. साळूबाई फिरायला निघाली, तिलाही.

"आता तुम्हीच अडवता का भागूबाई?" साळूबाई म्हणाली.

"मीच अडवती. पाच मिन्टं थांबायला काय झिजती का?"

"आजी," विशाखानं हाक मारली. ना गोड, ना कडू. पेशंटला नर्स बोलते तशी. "तिथं नको. त्या दगडाच्या मागं सरका."

भागूबाईला आजवर त्या मैदानात कुणी सरका म्हटलं नव्हतं. ती सरकली. दगडाच्या मागं जाऊन उभी राहिली. बाण सुटला, फट्ट. पिवळ्यात नाही, लाल गोलात. पुढचा पिवळ्याच्या कडेला.

चौदा दिवस ती रोज उभी राहिली. एक दिवस ताप होता, तरी राहिली. विशाखा रोज "आजी, झालं," म्हणायची आणि निघून जायची, याच्यापुढं एक शब्द नाही. आणि रोज आठ वाजता काठी टेकत परत येताना भागूबाईची नजर मागच्या गल्लीतल्या तिसऱ्या दाराकडं जायची. जाऊ नये असं ठरवून निघायची, तरी जायची.

चाचणीच्या दिवशी पहाटे विशाखा आणि कडुबा धनुष्याची लांब पिशवी घेऊन रिक्षात बसले. सायली फाटकापर्यंत पळत गेली. चंपाबाई पायरीवर उभी राहून हात हलवत होती. भागूबाई रस्त्यावर, आपल्या रोजच्या दगडापाशी. आज अडवायला कुणी नव्हतं. रिक्षा वळली तसा तिनंही हात वर केला, अर्धाच. विशाखानं बघितलं की नाही, ते कळलं नाही.

मग तिनं चंपाबाईच्या दाराकडं बघितलं. पिशवी खिळ्यालाच होती. गाठ तशीच.